ठेसनाचे चिरे

लिफ्टला असा हिसका बसला की साहेबाच्या हातातली फाईल पडली आणि कागद सगळ्यांच्या पायांत पसरले. विठूच्या हातून असं होत नसे. जुनी लिफ्ट, बटणं नाहीत, पितळेचा दांडा. इकडे फिरवला की वर, तिकडे फिरवला की खाली, आणि मजला आला की दांडा नेमका कधी सोडायचा हे हाताला कळावं लागतं. फोर्टातल्या त्या इमारतीत विठूसारखी लिफ्ट कुणी लावत नसे. लिफ्टची फळी आणि मजल्याची लादी अशी जुळायची की म्हातारी माणसंसुद्धा खाली न बघता पाऊल टाकायची. आज फळी हातभर खाली राहिली. कारण धाकू. धाकू त्याच्या गावचा, वरच्या मजल्यावर एका कंपनीत शिपाई. साहेबलोकांच्या मागं अंग चोरून उभा होता आणि मधला मजला जाता जाता विठूच्या कानाशी लागला. "विठू, तुझ्या बायकोनं, मालननं, ठेसन फोडलंन."

"काय केलंन?"

"मास्तरच्या कट्ट्याचे चिरे काढलेन. घरामागं न्हाणी बांधलीन त्याची. गावकी बसायचीय. दाजी गावकरांनी सांगून धाडलंय, विठूला मिळेल त्या गाडीत घाल म्हणून."

"अरे वर घे ना, काय गप्पा मारतो?" साहेब म्हणाला. विठूनं दांडा फिरवला. लिफ्ट लादीच्या वर गेली. खाली आणली, तर फारच खाली. हाताला काही कळेचना. शेवटी साहेबानं जाळीचं दार स्वतःच सरकवलं आणि गुडघा टेकून वर चढला. बाकीचेही चढले. एकजण वळून म्हणाला, "सकाळी सकाळी चढवलीय वाटतं यानं." सगळे हसले. धाकूही हसला, त्याला हसायलाच लागतं. मग लिफ्ट रिकामी झाली आणि विठू स्टुलावर बसून राहिला, दोन मजल्यांच्या मधे, समोर नुसती भिंत. घंटा वाजत होती. कुणीतरी खालून ओरडत होतं. त्या भिंतीवर कोळ्यानं जाळं केलं होतं आणि इतक्या वर्षांत विठूनं ही भिंत कधी बघितली नव्हती, कारण मधे थांबायची वेळच आली नव्हती. न्हाणी. सगळ्या शब्दांतला तेवढाच एक शब्द कानात राहिला. ठेसन फोडलं यानं तो हादरला होता, पण न्हाणी म्हटल्यावर पार आत कुठंतरी काहीतरी हललं आणि त्याला ते नीट बघायचं नव्हतं.

आता हे ठेसन काय ते सांगायला हवं, कारण रत्नागिरी जिल्ह्यात अजून आगगाडी नाही. बघायची तर मुंबईला जा नाहीतर कोल्हापूरला. पण लांज्यावरनं आत गेलं की तळेकोंड लागतं आणि तळेकोंडच्या डोक्यावर, सड्याच्या उघड्या कातळावर, ठेसन आहे. विठू लहान होता तेव्हा रेल्वेचे सर्वेवाले आले होते. दुर्बीण, साखळ्या, चुन्यानं रंगवलेले दगड. त्यांचा ओव्हरसियर दाजींच्या खळ्यात च्या पिताना बोलून गेला, 'हितं एखादं स्टेशन पडेल.' पडेल म्हणाला तो, पडणार म्हणाला नाही, पण तेवढा फरक कोण करतंय? गावानं वाघजाईला कौल लावला, उजवं फूल पडलं. मग कुणीतरी डोकं लढवलं की फलाट आपणच आधी बांधून टाकू. तयार फलाट दिसला की सरकारला गाडी तिथंच उभी करायला लागेल, नाहीतर खालचे कोंडवाले ठेसन पळवतील. चिऱ्याची खाण सड्यावरच. घरटी एक माणूस, सगळा उन्हाळा. लाल चिऱ्यांचा लांबच लांब फलाट झाला, आणि टोकाला कंबरभर उंच कट्टा, ठेसनमास्तरला बसायला. फलाट झाला आणि सर्वेवाले परत आले नाहीत. रूळ नाही, दिवा नाही, शिट्टी नाही. कातळावर फलाट आणि फलाटावर गुरं. पण कुणी त्याचा चिरा हलवला नाही. कुणाचे गोठे पडले, कुणाच्या विहिरीचा काठ ढासळला, लोक लांबच्या खाणीतनं चिरे घेऊन आले, पण सड्यावरच्या तयार चिऱ्याला कुणी हात लावला नाही. देवीनं कौल दिलाय. एक चिरा काढाल तर गाडी मागं फिरेल. मुंबईला पहिल्यांदा खरा फलाट बघितला तेव्हा विठूला वाटलं होतं, आमचा जास्त चांगला आहे, निदान त्याच्यावर कुणी थुंकत नाही.

आणि मास्तर म्हणजे त्याचा थोरला भाऊ बाबल्या. ओव्हरसियरनं बाबल्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, 'तू चलाख आहेस, तुला पॉइंटमन म्हणून घेऊ.' बाबल्याला तेव्हा मिसरूड फुटत होतं. त्याच्या बरोबरीचे सगळे मुंबईला गेले, तो राहिला. बाप गेला तेव्हाही राहिला. शेतीची कामं आटपली की रोज सकाळी सड्यावर जायचा, कट्ट्यावर बसायचा, विडी पेटवायचा आणि गाडी जिकडनं यायची तिकडं बघत राहायचा. पोरं चिडवायची, 'मास्तर, गाडी लेट हाय काय?' तो म्हणायचा, 'निघाली, लांज्याला पाणी घेते.' होता होता चेष्टा झिजून गेली आणि नाव तेवढं राहिलं. आता त्याची बायको जनीसुद्धा म्हणते, मास्तर अजून जेवायला आले नाहीत. या बाबल्यानं विठूला वाढवला. पेज आधी विठूच्या ताटलीत, मग आपल्या. मुंबईला धाडला तेव्हा हमरस्त्यापर्यंत ट्रंक डोक्यावर घेऊन आला. 'एकानं तरी जायला पाहिजे रे. माझं काय, गाडी आली की मी हितंच आहे, तू गाडीनं ये.' आणि खरंच हसला नव्हता तेव्हा. विठू ते कधी विसरला नाही. विसरायची सोयच नव्हती. गावाला गेला की कुणी ना कुणी सांगायचंच, मास्तर होता म्हणून तू हाईस.

रात्रभर एसटीत त्याला झोप लागली नाही. डोकं काचेवर आपटत राहिलं आणि मालन बोलत राहिली. तीन-चार गणपती आणि तेवढेच शिमगे, एवढीच काय ती दोघांची संगत. शिवडीच्या गाळ्यात गावची पुरुषमंडळी राहतात, पाळीपाळीनं झोपतात, तिथं बायकोला कुठं नेणार? पुढच्या साली खोली होईल. हे तो दर खेपेला सांगायचा आणि दर खेपेला ती एकच गोष्ट मागायची. लुगडं नाही, बांगड्या नाहीत. 'न्हाणीला आडोसा करा.' घरामागं माडाच्या बुंध्याशी एक सपाट दगड, त्यावर बायका अंघोळ करतात, सगळ्यांच्याच घरी तसं. तो म्हणायचा, 'आता कशाला? पुढच्या साली तू मुंबईलाच.' मग तीच माडाचे झाप विणून उभे करायची. पावसात कुजायचे. शेरडं खायची. एकदा वाऱ्यानं नाही, शेरडांनी नाही, तसेच कुणीतरी काढून नीट एका बाजूला ठेवले होते. ती म्हणाली होती, 'बगा, कुणी काढलेन?' तो म्हणाला होता, 'वाऱ्यानं पडले असतील.' 'वारा काय नीट रचून ठेवतो?' तो हसला होता. काचेवर डोकं आपटत होतं आणि त्याला आठवत होतं की तो हसला होता. पण का ते विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. म्हणूनच विचारलं नव्हतं काय?

घरी पोचला तेव्हा बाबल्या खळ्यात भाताच्या पेंढ्या रचत होता. नवी कापणी, सगळं खळं पिवळं, नाकात तो कोवळा कोंड्याचा वास. भावाला बघितल्यावर पेंढी खाली ठेवून पुढं आला, पिशवी काढून घेतली. "आलास? किती वाळलास रे. जनी, च्या टाक. गूळ जास्त घाल, विठूला गोड लागतं." एक शब्द त्याबद्दल नाही. कपाळाला हात लावून ताप बघतात तसा त्यानं विठूच्या मानेला हात लावला. "गाडीत बसायला जागा होती ना?" विठूला वाटलं, असं नको रे दादा. ओरड. शिव्या घाल. तुझ्या बायकोनं माझा कट्टा फोडला म्हण. मग मला काहीतरी करता येईल. पण बाबल्या गूळ विचारत होता. चहा झाल्यावर मग हळूच, विडीला काडी लावता लावता म्हणाला, "मी काय बोलत नाय तिला. पोर हाय. माझं काय, मी जमिनीवर बसंन. पण गाव हाय. देवी हाय. चार माणसांत मान खाली जाते. तू सांग, परत लावतो म्हणून. झालं. दाजींना मी सांगतो, नारळ ठेवला की सोडून द्या." एवढं बोलून तो पेंढ्यांकडे वळला. त्याच्या पाठीची हाडं दिसत होती. किती वर्षं ही पाठ विठूनं मागनं बघितली होती, नांगरामागं, ट्रंकेखाली.

मालन मागल्या दारी होती. चुलाणावर पाणी तापवलं होतं तिनं. आला काय, बरा हाईस काय, काही नाही. "अंघोळ करून घ्या," म्हणाली. तेव्हा त्यानं ती न्हाणी बघितली. तिन्ही बाजूंनी भिंत, माणूस उभं राहिलं तर फक्त डोकं दिसेल एवढी, आणि पुढं गोणपाटाचा पडदा. मातीनं सांधलेली. सांध्यावर सांधा कुठं येऊ दिला नव्हता. हे हिला कुणी शिकवलं? तो आत गेला, पडदा ओढला, दगडावर बसला. पहिला तांब्या अंगावर घेतला आणि भिंतीवर पाणी उडालं तसा भिजल्या चिऱ्याचा वास आला, लोखंडासारखा, पावसात सड्यावर येतो तसा. एका चिऱ्यात साबण ठेवायला खोबण कोरली होती. कोयत्याच्या टोकानं कोरली असेल. त्यात लाल साबणाची चिपटी. बाहेर कोंबड्या फिरत होत्या, बाबल्या खोकत होता, जनीवयनी कुणाला तरी हाका मारत होती, आणि इथं आत कुणी नव्हतं. त्याला कुणी दिसत नव्हतं, तो कुणाला दिसत नव्हता. शिवडीला नळाखाली सगळे ओळीत उघडे बसतात, एकाचा साबण दुसऱ्याच्या पायावर, 'चल रे, आटप रे.' आपण कधीच असे भिंतीआड एकटे बसलो नाही हे विठूला त्या दगडावर बसून कळलं. जन्मात नाही. पाणी संपलं तरी तो उठेना. रडू येत होतं की काय तेही कळेना, चेहरा आधीच ओला होता. पडद्याबाहेरनं मालन म्हणाली, "झाली काय?" आणि मग थोड्या वेळानं, हळू, "बसा. घाई नाय."

कपडे घालून बाहेर आला तर ती वाटेला लागली होती. "चला." "कुठं?" "ठेसनावर. आधी तुमी बगा, मग गावकीला जावा." सडा चढताना ती पुढं, तो मागं. उन्हानं गवत वाळत होतं आणि पायाखाली कातळ पोकळ वाजत होता. तिच्या टाचांना भेगा होत्या. खांद्यावर, मानेच्या बाजूला, कातडी सोलवटून काळी पडली होती. चिऱ्यांनी. इतके चिरे एकटीनं नेले. हात लावायला कुणी नाही. "उचललेस कसे?" त्यानं विचारलं. "कट्टा कमरेएवढा होता. वरचा चिरा सरकवायचा आणि डोकं खाली घालून घ्यायचा. मग कट्टा खाली यायला लागला तशी मी गुडघ्यावर बसून घ्यायला लागले." हे तिनं असं सांगितलं की जशी भाकरी कशी थापतात सांगतेय. त्याला बोलायचं होतं, मला सांगायचं होतंस, पण ती म्हणेल, सांगितलं होतं.

फलाट दिसला. किती दिवसांनी तो इथं आला होता. शिमग्याला पालखी वर येते तेव्हा यायचा, पण तेव्हा ढोल असतात, माणसं असतात. आता नुसता फलाट. लांब, लाल, फटींतनं गवत, दोन्ही बाजूंना सारखाच कातळ. कुठलीच बाजू रुळाची नाही. पावसानं चिऱ्यांच्या कडा गोल झाल्या होत्या. कुणाच्या तरी म्हशी निजल्या होत्या त्याच्यावर, ऐटीत, जशी फर्स्ट क्लासची तिकिटं काढलीयत. टोकाला, कट्टा होता तिथं, फक्त खालचा एक थर उरला होता, आणि आजूबाजूला विडीची थोटकं. जुनी, नवी, पावसात विरलेली, कातळाच्या खळग्यांत साचलेली. दादाचं सगळं आयुष्य इथं थोटकं होऊन पडलं होतं.

"बसा," मालन म्हणाली.

"कुठं?"

"मास्तर बसायचे तिथं. बसा. गाडी जिकडनं यायची तिकडं बगा."

तो बसला. ऊन डोळ्यावर येत होतं. सड्याची कड, तिच्याखाली काजूची झाडं, त्यांच्या मधून एक फट, आणि त्या फटीतनं सरळ खाली त्यांचं घर. घराची मागची बाजू. माडाचा बुंधा. न्हाणी. आत आता कुणी नव्हतं, भिंतीच्या आड काही दिसतही नव्हतं, फक्त त्याचा ओला पंचा चिऱ्यावर टाकलेला, तो एवढा जवळ दिसत होता की हात लांब करून उचलावा. विठू बघत राहिला. मग तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला आपला आवाज दुसऱ्याचा वाटला, "दादा गाडीच बघत असंल. सर्वेची लाईन अशीच जाते. तिकडनंच यायची गाडी."

मालन त्याच्या समोर येऊन उभी राहिली. घर तिच्याआड गेलं. "मी पण तेच म्हणायचे. आल्या आल्या तेच म्हणायचे. थोरलं माणूस, वाट बगतंय. मग मी न्हाताना वर बगितलं तर नजर हलायची नाय. मी पाठ फिरवून बसले तर विडी विजवून या बाजूला येऊन बसायचे. झाप लावले की झाप पडायचे. एकदा जेवताना, वयनी होत्या, पोरं होती, म्हणाले, 'आज मालननं केसांवरनं पाणी घेतलंन वाटतं.' वयनींच्या हातातली वाढायची डवली तशीच राहिली. त्यांना ठाऊक हाय. त्या काय बोलतील? त्या पण त्याच दगडावर न्हातात. त्यांच्याकडं कोण बगत नाय, म्हणून त्या गप, आणि माझ्याकडं बगतात म्हणून त्या माझ्यावर रागावतात. आता सांगा, चिरे लांबच्या खाणीत नवते काय? होते. मना ठाऊक हाय. पण मी हेच काढले. हेच पायजे होते."

वारा सुटला. म्हैस उठली, अंग झाडलं, पुन्हा बसली. विठूला काहीतरी म्हणायचं होतं आणि जे जे तोंडात येत होतं ते सगळं बाबल्यानं कधीतरी त्याच्या ताटलीत वाढलेलं होतं. ती खाली वाकली, त्याच्या डोळ्यांत बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच एवढं सरळ. "देवळात सांगा. सगळ्यांसमोर. एवढंच मागते. खोली नको, मुंबई नको."

"तुझीच अब्रू जाईल. सगळा गाव मनात आणेल, तू उघडी..."

"जाऊ दे. मना चालेल. रोज जाते त्यापरास एकदा जाऊ दे."

देवळात घोंगड्या पसरल्या होत्या. वाघजाईच्या समोर दाजी गावकर, खांबाला टेकून, पान चघळत. बायका बाहेर पायऱ्यांशी, त्यांत मालन, पदर घट्ट. बाबल्या एका कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, जसं त्याच्यावरच खटला आहे. बोलणी झाली. एक म्हणाला, यंदा लोकसभेत कोकणच्या गाडीचा विषय निघालाय, पेपरात आलंय, आणि नेमकी आत्ताच ही अवदसा आठवली. दुसरा म्हणाला, मुंबईवाल्यांच्या बायकांना कोण विचारणारं नाय, म्हणून हे होतं. हशा झाला. आणखी कुणी म्हणाला, "न्हाणीला भिंत कशाला लागते? आमच्या आया काय भिंतीत न्हाल्या?" पुन्हा हशा, आणि बायकांतही कुणीतरी हसलं. दाजींनी हात वर केला. "गप रे. पोराला बोलू दे. बोल विठू. चिरे परत लावून नारळ ठेवलास तर गावाचं काय म्हणणं नाय. नाय लावलेस तर तुज्या दारात कोण येणार नाय आणि तुला कोण बोलावणार नाय. मास्तरचं घर वेगळं धरू, त्याचा काय दोष नाय. तुजं काय म्हणणं?"

विठू उठला. वाक्य त्याच्याकडे होतं. लहानसं वाक्य. येताना सड्यावरनं उतरताना त्यानं ते मनात म्हणून बघितलं होतं, शाळेत कविता पाठ करतात तसं. दादा तिथं बसून न्हाणीकडं बघतो. एवढंच. जिभेवर होतं, त्याचं वजन कळत होतं. त्यानं बाबल्याकडं बघितलं. बाबल्यानं वर बघितलं आणि विठूला त्याच्या डोळ्यांत भीती दिसली. त्याला कळलं होतं. आपल्या भावाला कळलंय हे बाबल्याला कळलं होतं. त्या तोंडावर जे आलं ते विठूनं कधी बघितलं नव्हतं, बाप गेला तेव्हाही नाही. वयाआधी म्हातारं झालेलं तोंड, दात पडलेलं, जन्मभर कुठंच न गेलेलं. एक वाक्य, आणि हा माणूस संपला. मग सड्यावर जाणार नाही, खळ्यात बसणार नाही, गाव त्याच्यावर थुंकेल, कदाचित विहीर जवळ करेल. आणि बाहेर पायऱ्यांशी मालन. तिकडं बघितलं तर वाक्य बाहेर पडेल म्हणून त्यानं तिकडं बघितलंच नाही. सगळं देऊळ थांबलं होतं. देवीचे चांदीचे डोळे तेवढे उघडे, त्यांना सगळं ठाऊक, आणि त्या डोळ्यांनाही पापण्या नाहीत. विठूला वाटलं आता आपण बोललो, खरंच वाटलं, कारण आवाज ऐकू आला.

"लावतो," तो म्हणाला होता. "परत लावतो."

"शाबास," दाजी म्हणाले. माणसं उठली, घोंगड्या झटकल्या. बाबल्या जवळ आला, विठूच्या दंडाला घट्ट धरलं. त्या हातात एवढी माया होती की विठूला ओकारी आली. देवळामागं जाऊन तो ओकला. गुळाचा चहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भिंत काढायला लागला. दादा आज सड्यावर गेला नव्हता, शेतात गेला होता, लांबच्या. जनीवयनी घरात होती आणि बाहेर येत नव्हती. मालननं काही केलं नाही. रात्री पडवीत भिंतीकडं तोंड करून झोपली होती, सकाळी उठून चूल पेटवली, त्याला भाकरी दिली. तो मातीचे सांधे पहारीनं सोडवत होता आणि प्रत्येक चिरा सुटताना एक आवाज यायचा, ओला, दात उपटताना येतो तसा. वरचे थर त्याचे त्यानं नेले. छातीएवढ्या उंचीवरनं चिरा डोक्यावर घेता येतो. घ्यायचा, सडा चढायचा, कट्ट्यावर ठेवायचा, उतरायचा. माणसं वाटेत भेटायची आणि बाजूला व्हायची, एकजण म्हणाला, "बरं केलंस हो." खोबण कोरलेला चिरा आला तेव्हा त्यानं साबणाची चिपटी काढून दगडावर ठेवली. तो चिरा कट्ट्यात लावताना खोबण आतल्या अंगाला वळवली, कुणाला दिसू नये म्हणून. मग भिंत गुडघ्याएवढी राहिली. आता खाली वाकून चिरा उचलता येत होता, पण डोक्यापर्यंत एकट्याला नेता येईना. एकदा छातीशी घेतला, निसटला, पायावरनं थोडक्यात चुकला. त्यानं इकडं तिकडं बघितलं. कुणी नव्हतं. खालच्या थराला हात लावायला माणूस लागतं.

मालन हातातली केरसुणी ठेवून आली. लुगड्याचा पदर खोचला. "थांबा," म्हणाली, "हात लावते." तिनं एक बाजू धरली, त्यानं एक धरली. दोघांनी मिळून चिरा उचलला, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, आणि मग तिनं जोर लावून तो त्याच्या डोक्यावर चढवला. चुंबळ सरकली होती ती बोटांनी नीट केली. तिची बोटं त्याच्या केसांत क्षणभर राहिली. लग्न झाल्यापासून दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम. विठूला ते कळलं.

"डोकं सरळ धरा," ती म्हणाली. "पडंल."

तो निघाला. न्हाणीच्या दगडावरनं पाऊल उचललं, तशी ती मागनं म्हणाली, हळू, भांडणातला आवाज नाही, "आवो."

तो थांबला.

"खालचा थर राहिला. मी हात लावते सगळ्या चिऱ्यांना. शेवटचा लावलात की तिकडनं तसंच सड्यावरनं हमरस्त्याला उतरा. पिशवी मी वर आणून ठेवते. खाली येऊ नका परत." मग, "गणपतीलापण येऊ नका. मी मागते ते एवढंच, समजलं काय?"

त्याला वळायचं होतं. तिचं तोंड बघायचं होतं, त्यावर काय आहे ते बघून मग काहीतरी ठरवायचं होतं. पण डोक्यावर चिरा होता. मान इकडं वळत नव्हती, तिकडं वळत नव्हती. हो म्हणायला हलत नव्हती आणि नाही म्हणायलाही हलत नव्हती. मानेच्या शिरा ताणून तो तसाच सरळ, समोर बघत उभा राहिला, आणि ती उत्तराची वाट बघत मागं उभी होती.